सरिता पाटील, वय चौतीस

माझ्यासमोर रक्ततपासणीचे पाच कागद आहेत. त्यातला एक आमच्या घरातल्या कुणाचाच नाही. ही हकिकत मुख्यतः त्या एका कागदाची आहे.

ज्यांच्या हातात हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट नुकताच पडला आहे आणि ज्यांना त्यातली एकही ओळ लागत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. एका मराठी दैनिकात अकरा वर्षं उपसंपादक आहे. दुसऱ्यांच्या बातम्यांतली नावं, वयं आणि आकडे तपासणं हे माझं काम आहे. हे वाक्य पुढे उपयोगी पडेल.

पहिला कागद

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिवस राहिले. बाराव्या आठवड्यात विरार पूर्वेच्या दवाखान्यात नेहमीच्या तपासण्या सांगितल्या. त्या यादीत कावीळ बीची तपासणी आहे, हे मला रक्त देताना माहीतही नव्हतं.

डॉक्टरबाईंनी पान उलटलं आणि परत मागे घेतलं.

"हे एक रिअ‍ॅक्टिव्ह आलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे रक्तात कावीळ बीचा विषाणू दिसतोय. घाबरू नका. पुन्हा एकदा करून घेऊ. आणि असलाच, तरी बाळाला जन्मल्याबरोबर इंजेक्शन देता येतं."

शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं होतं. मी ते ऐकलं नाही. रिक्षात बसल्यावर नीलेशने, माझ्या नवऱ्याने, विचारलं, "तुला कावीळ कधी झाली होती?"

"कधीच नाही."

"मग?"

चंदनसारला घरी पोहोचलो.

सासूबाई वाटाणे सोलत होत्या. "कुठून आलं हे?" असं त्यांनी तीनदा विचारलं. एकदा मला, एकदा नीलेशला आणि एकदा देव्हाऱ्याकडे बघून. संध्याकाळी माझा ग्लास वेगळा ठेवलेला दिसला. लग्नात मिळालेला स्टीलचा ग्लास, त्यावर माझं नाव कोरलेलं. इतकी वर्षं त्या ग्लासातून घरातलं कुणीही पाणी प्यायचं. आता नावाचा उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "अजून तिसरा पुरा झालेला नाही. विचार करायला वेळ आहे."

नीलेश मोबाइलकडे बघत राहिला. मीही 'नाही' म्हटलं नाही. हे लिहायला नको वाटतं, पण झालं ते असं झालं. ते दोन दिवस मी पोटावर हात ठेवायचं टाळलं.

दुसरा कागद

पुन्हा तपासणीसाठी आम्ही दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. सकाळची वेळ, बाकावर उपाशीपोटी बसलेली माणसं. रक्त घेणाऱ्या मुलीने विचारलं, "सरिता पाटील?" मी म्हणाले, "हो." तिने वय विचारलं नाही, मी सांगितलं नाही. या भागात प्रत्येक इमारतीत दोन-चार पाटील सापडतात. माझं माहेर म्हात्रे, सासर पाटील. आणि मी जन्मले त्या सुमाराला सरिता हे नावही बरंच चालत असावं.

दुसऱ्या दिवशी नीलेशच्या मोबाइलवर रिपोर्ट आला. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह.

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. नीलेश सोफ्यावर बसून रडला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला रडताना पाहत होते. मग तो उठला आणि पहिला रिपोर्ट फाडायला निघाला. मी तो त्याच्या हातातून घेतला आणि कपाटाच्या खणात टाकला. कागद फेकायचा नाही, ही कचेरीची सवय. पण गरोदरपणाच्या फाइलमध्ये मी फक्त दुसरा छापून लावला.

दोन ठिकाणांहून उलटसुलट माहिती आली तर तिसऱ्या ठिकाणी फोन करायचा, हा नियम मी डेस्कवर नव्याने येणाऱ्यांना शिकवते. आणखी एक नियम आहे, तो कुणी शिकवत नाही, पण सगळे पाळतात: शेवटी आलेली प्रत छापायची. मी दुसरा नियम पाळला. विरारच्या डॉक्टरबाईंकडे परत गेलेच नाही. बाळंतपण माहेरी, जूचंद्रला व्हायचं होतं, म्हणून नाव वसईच्या एका हॉस्पिटलात घालायचं ठरवलं. कारण खरं होतं. पण डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघू नयेत, हेही कारण होतं.

सिस्टर

सव्विसाव्या आठवड्यात डोहाळजेवण झालं आणि मी आईकडे आले. दोन दिवसांनी वसईच्या हॉस्पिटलात गेले. काउंटरवर पाचूबंदरच्या एक वयस्कर सिस्टर होत्या. त्या माझं कार्ड भरत होत्या. प्रत्येक कागदावर बोट ठेवून वाचत होत्या, शाळेतल्या मुलासारख्या.

"वय?"

"चौतीस."

"इथे सत्तावीस लिहिलंय."

"टाइप करताना चुकलं असेल."

"हे डॉक्टर तुमचे?"

मी नाव वाचलं. कधी ऐकलं नव्हतं.

सिस्टरनी चष्मा काढला. "बाय, हा कागद तुमचा नाय."

मी तो हातात घेतला. चौदा आठवडे तो माझ्या फाइलमध्ये होता. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी मी तो उघडून बघत असे. बघत होते तो फक्त एक शब्द. वर नाव सरिता पाटील. वय सत्तावीस. डॉक्टर अनोळखी. रक्त घेतल्याची वेळ आठ वाजून दहा मिनिटं. मी लॅबमध्ये पोहोचले होते नऊनंतर. चार ओळींत तीन चुका. एवढ्या चुका असलेली बातमी मी कुणाचीही परत पाठवली असती.

"आधी एक केली होती," मी म्हणाले. "त्यात रिअ‍ॅक्टिव्ह होतं."

"मग ती कुठे आहे?"

"घरी. खणात."

सिस्टरनी बाही वर करायला सांगितली. या वेळी नळीवर नाव लिहून झाल्यावर त्यांनी ती माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि वाचून घेतली.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. रिअ‍ॅक्टिव्ह. तो तिसरा कागद.

फक्त पाच

यकृताच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी आणखी तपासण्या लिहून दिल्या. इथून पुढचा गोंधळ प्रत्येक रुग्णाच्या घरी होत असणार, म्हणून तो नीट लिहिते.

आधी 'ई अँटिजेन' नावाची ओळ आली. त्यापुढे निगेटिव्ह. सासूबाईंचा फोन आला. "निगेटिव्ह आलं ना? मग झालं तर! उगाच जिवाला घोर."

"आई, ते वेगळं निगेटिव्ह आहे."

"निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह गं. त्यात वेगळं काय असतं?"

मलाही तेच खरं मानायचं होतं.

मग विषाणू मोजायची तपासणी. तिला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत पोटातलं मूल खूप हलायचं. प्रत्येक हालचालीला मला एकच प्रश्न पडायचा: माझ्या रक्तातलं किती तिकडे गेलं? आई विचारायची, "हललं का गं?" मी "नाही" म्हणायचे. हललं म्हटलं की ती हसायची आणि ते हसणं मला बघवत नव्हतं. एका दुपारी मी शांतपणे असा विचार केला की हे मूल जन्मूच नये. सातव्या महिन्यात. कुणाला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा सांगते आहे, कारण हे वाचणाऱ्या कुणाला तरी असाच विचार आला असेल आणि तो आला म्हणून आपण राक्षसीण आहोत असं वाटत असेल.

चौथ्या कागदावर दोन आकडे होते. एक, चार लाख बारा हजार. त्याखाली, लॉग ५.६१. नीलेशने फोनवर आधी खालचा वाचला. "फक्त पाच! सरू, फक्त पाच आहे!"

"वरचा वाच."

तो वाचायला लागला आणि 'लाख' म्हणून थांबला.

दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगत होते, हे डॉक्टरांनी समजावलं. त्यांनी कागदावर पेनाने तीन रेघा मारल्या. "ही ओळ विचारते, विषाणू आहे का. ही विचारते, त्याचं एक विशिष्ट प्रथिन दिसतं का. आणि ही मोजते, किती आहे. तुमच्या बाबतीत मधली ओळ 'नाही' म्हणते, पण मोजलं तर भरपूर आहे. असं होतं. एका ओळीचं उत्तर दुसरीला लावायचं नाही. दोन लाखांच्या वर आहे, म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून रोज एक गोळी. म्हणजे येत्या सोमवारपासून."

"आणखी महिनाभराने आले असते तर?"

"आलात ना? मग तो प्रश्न आपल्यापुढे नाही."

माझ्यापुढे तो अजूनही आहे.

आई

नीलेशचा रिपोर्ट स्वच्छ आला. त्याला लस सुरू झाली. 'कुठून आलं' या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे शोधायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, आईची तपासणी करा.

आई जूचंद्रच्या घराच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी तिचा रिपोर्ट वाचून दाखवला. रिअ‍ॅक्टिव्ह. तिने सूप खाली ठेवलं.

"मना कदी कावील नाय झाली."

"मलाही नाही झाली, आई. ती न होताही विषाणू अंगात असतो."

"मंग तुला माझ्याकडनंच आली का?"

"बहुतेक."

डेस्कवर 'बहुतेक' हा शब्द मी खोडते. त्या दिवशी माझ्याकडे त्याहून मऊ शब्द नव्हता.

तिने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "तुझ्या मामाच्या पोटात पानी झालं. लोकांनी त्याला दारुड्या ठरवला. त्याच्या बायकोनं पन. त्यानं कदी वास घेतला नवता गं." मामा आणि ती एकाच आईची. मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याची बाजू सिद्ध करणारा कागद आता कुठून आणणार?

सोनोग्राफीत आईच्या यकृतावर व्रण दिसले. तिलाही रोजची गोळी लागली. पण तिने त्या दिवसापासून मला हात लावणं बंद केलं. डोक्याला तेल घालायची, ते थांबलं. बाळाला मालिश करायला बाई ठेवू, म्हणाली. जन्मभर न कळत दिलं, आता कळून देणार नाही, असा तिचा हिशेब. डॉक्टर म्हणाले होते की हात लावून, एकत्र जेवून हा आजार पसरत नाही. ते मी तिला चार वेळा सांगितलं. ती मान हलवायची आणि हात पदरात ठेवायची.

दुसरी सरिता

तिसरा कागद आल्यावर चुकीचा कागद घेऊन मी आणि नीलेश त्या लॅबमध्ये गेलो होतो. मालकांनी नोंदी काढल्या. त्या सकाळी दोन सरिता पाटील आल्या होत्या. नीलेश ओरडत होता. मी एकच विचारलं, "माझा रिपोर्ट कुणाला गेला?"

मालकांनी दुसऱ्या नोंदीवर बोट ठेवलं. मी म्हणाले, "तिचा नंबर मला देऊ नका. पण तिला आत्ता, आमच्यासमोर फोन करा. आणि माझा नंबर तिला द्या."

त्यांनी लावला. उचलला गेला नाही. आठ दिवसांनी, दुपारी, मला फोन आला.

"हॅलो, सरिता पाटील का?"

"हो."

"मी पण."

मी खोलीचं दार लावून घेतलं.

"लॅबवाले घरी येऊन गेले. तुमचं वय किती, ताई?"

"चौतीस."

"मग बरोबर. माझ्या रिपोर्टवर चौतीस होतं. मी त्याच दिवशी नवऱ्याला दाखवलेलं. म्हटलं, हे बघा, मी सत्तावीसची आहे. तो म्हणाला, कॉम्प्युटरची चूक असते. सासरे म्हणाले, निघालं ते निघालं, परत कशाला करायची."

तिने पाहिलं होतं. तपासणं हा जिचा धंदा नव्हता तिने पाहिलं होतं आणि तिचं कुणी ऐकलं नव्हतं. माझं घरात सगळ्यांनी ऐकलं असतं. मी पाहिलं नव्हतं.

ती वसईच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. सासरच्यांनी तिला गावी नेऊन काविळीची माळ घातली होती. मुळ्यांची माळ, सैल होत होत ती खाली उतरते आणि पायापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणतात. "माझी उतरली पण," ती म्हणाली आणि चक्क हसली. "सासू म्हणाली, बघ, होतीच! म्हटलं, आई, दोऱ्याला गाठच सैल मारलीय. ऐकतंय कोण."

"तुम्हालाही तेव्हा दिवस..." मी थांबले. मग विचारलं, कारण विचारायलाच हवं होतं. "आणि बाळ?"

"नाही ठेवलं, ताई. आमच्या डॉक्टरबाई नको म्हणत होत्या. यासाठी काढायची गरज नसते म्हणाल्या. घरच्यांनी दुसरीकडे नेलं."

कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. तिच्या की माझ्या, आठवत नाही.

"तुमचं आहे ना?" तिने विचारलं.

"आहे."

"मग नीट करा. आणि त्याचा रिपोर्ट येईल ना, तो मला कळवा. मला कळायला पाहिजे."

त्यानंतर मी पुष्कळदा मांडून पाहिलं आहे. तिचा कागद माझ्याकडे आला नसता, तर बाराव्या आठवड्यात मी घरच्यांपुढे टिकले असते का? मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की 'विचार करायला वेळ आहे' हे वाक्य माझ्या घरात दोन दिवस चाललं आणि तिच्या घरात शेवटपर्यंत. माझ्या घरात ते थांबलं, ते तिच्या निरोगी रक्तामुळे.

वय शून्य

बाळासाठीचं इम्युनोग्लोब्युलिन इंजेक्शन आयत्या वेळी मिळेलच असं नसतं. हे वाचणाऱ्या प्रत्येकीने ते आधी मागवून ठेवावं. आम्ही महिनाभर आधी मागवलं आणि हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये ठेवलं. बारा तासांच्या आत द्यायचं होतं.

मुलगी सकाळी पावणेअकराला झाली. मला शुद्ध होती. मी पहिलं वाक्य बोलले ते, "इंजेक्शन." सिस्टर बाटली घेऊन आल्या.

"नाव वाचा, सिस्टर."

"सरिता पाटील यांचं बाळ."

"वय?"

"वय शून्य, बाय," त्या म्हणाल्या. खोलीतल्या दोघीतिघी हसल्या. मला हसता आलं नाही, पण ते हसणं आठवतं.

एका मांडीत ते इंजेक्शन, दुसरीत लस. मुलगी दोनदा रडली. अंगावर पाजायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी पहिल्या वेळी तिला छातीशी धरण्याआधी मी ते सिस्टरना पुन्हा विचारून घेतलं.

बाराव्या दिवशी मालिश करणारी बाई आली नाही. मुलगी पाटावर उघडी पडून रडत होती. आई दारात उभी. मग तिने पदरातून हात काढले, तेलाची वाटी जवळ ओढली आणि पाय पसरून बसली. माझ्याकडे बघितलं नाही. मीही काही बोलले नाही. बोलले असते तर ती उठली असती.

चंदनसारला परतले तेव्हा माझा ग्लास मांडणीत इतर ग्लासांत होता. कुणी ठेवला, कधी ठेवला, विचारलं नाही.

पाचवा कागद

मुलीच्या लसी ठरल्या वेळी झाल्या. तपासणी मात्र वर्षाची झाल्यावर करायची होती. आधी केली तर उत्तर चुकीचं येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे एक वर्ष थांबायचं. त्या वर्षाबद्दल फार लिहिता येत नाही. मुलीचे डोळे मी रोज उजेडात धरून बघत असे. पिवळेपणा न येताही आजार असतो, हे स्वतःच्या अंगावर कळलेलं असूनही.

रक्त घ्यायला सिस्टरच होत्या. रिपोर्ट बंद पाकिटात मिळाला. नीलेश म्हणाला, "मी बघू?"

"नको."

मी आधी नाव वाचलं. मुक्ता नीलेश पाटील. मग वय, एक वर्ष. स्त्री. डॉक्टरांचं नाव. रक्त घेतल्याची वेळ माझ्या मोबाइलमध्ये टिपलेली होती, ती जुळवली. मग बोट खाली नेलं.

नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह.

नीलेश मागून वाकून वाचत होता. तो दचकला. "खाली रिअ‍ॅक्टिव्ह आहे!"

"ती ओळ लसीची आहे. तिथे तसंच हवं असतं."

माझा विषाणू माझ्यात आहे आणि राहील. दर सहा महिन्यांनी तपासणी असते. आईची गोळी चालू आहे, मामाचा विषय ती आता गावात मोठ्याने काढते. या लिखाणात आम्हा दोन्ही सरितांचं खरं नाव दिलेलं नाही. पण बदललेलं नावही एकच ठेवलं आहे, कारण मुळात ते एकच होतं. दुसरीला विचारून लिहिलं आहे.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायरीवरूनच मी तिला फोन लावला. म्हणाले, "रिपोर्ट आला. मुलीला नाही."

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. ती कामावर असावी.

"नाव नीट बघितलंत ना?" तिने विचारलं.

"बघितलं."

"आणि वय?"

"वयही बघितलं. एक वर्ष."

"मग ठीक," ती म्हणाली आणि फोन ठेवला.